घेवड्याचा वेल : ईश्वरी शासन आणि कृतज्ञतेचा कर्ता

पंचगंगा कृष्णेला मिळते त्या संगमाच्या एका अंगाला नृसिंहवाडी, दुसऱ्या अंगाला कुरुंदवाड आणि कृष्णेपलीकडे औरवाड. हे औरवाड म्हणजेच ‘गुरुचरित्रा’तील अमरापूर, असे परंपरा मानते. नृसिंहसरस्वतींनी गाणगापूरला जाण्यापूर्वी या परिसरात बारा वर्षे वास्तव्य केले. सोळाव्या शतकात सरस्वती गंगाधराने रचलेल्या या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात येथल्याच एका दरिद्री ब्राह्मणाची कथा आली आहे. ईश्वराने केलेल्या शासनाबद्दल कृतज्ञ राहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मराठीत फार थोड्या ठिकाणी इतका उघडा पडला असेल. पारायणाच्या ओघात मात्र तो झाकलाच जातो.

कथा परिचित आहे. कोरान्न मागून जगणाऱ्या या ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल होता. भिक्षा अपुरी पडे त्या दिवशी त्याच्या शेंगांवर कुटुंबाचा निर्वाह होई. श्रीगुरू भिक्षेला आले, त्याच शेंगा जेवले, दैन्य गेले असा आशीर्वाद देऊन निघाले. आणि जाताजाता त्यांनी वेल मुळापासून तोडून टाकला. पत्नी आक्रोश करू लागली. पतीने तिला समजावले : साधूला बोल लावू नये, प्रारब्धात असेल ते चुकत नाही, सर्वांना पोसणारा ईश्वर आहे, आणि गुरू आले ते आपल्याला तारण्यासाठीच. मग मूळ काढण्यासाठी त्याने खणले, तेव्हा द्रव्याने भरलेला कुंभ हाती आला.

भाविक वाचक ही कथा कुंभापासून मागे वाचतो. वेलाचा घात हा मग घात राहतच नाही, दानाची पूर्वतयारी ठरतो. परंतु पतीचे बोलणे कुंभाच्या आधीचे आहे. त्या क्षणी त्याच्यापाशी तुटलेल्या वेलाखेरीज काही नाही, आणि या कथेचे नैतिक मोल असलेच तर ते एवढ्या अवकाशातच आहे. त्यातही दोन सूर एकमेकांत मिसळलेले आहेत. प्रारब्धाचा सूर हिशेबाचा : केले ते भोगावे. तिथे सोसणे आहे, कृतज्ञता नाही. ती येते ती ‘तारण्यासाठी’ या एका समजुतीतून. आणि ही समजूत पती स्वतःची म्हणून नव्हे, तर पत्नीला उपदेश म्हणून मांडतो. चूल तिची, मुलांची भूक तिच्यासमोरची, कृतज्ञतेचा पाठ मात्र दुसऱ्याचा. (स्त्रियांनी या ग्रंथाचे पारायण करू नये, असा संकेत दीर्घकाळ रूढ होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) तिच्या रडण्याला निवेदक द्रव्याने उत्तर देतो. तो कुंभ सापडला नसता तर तिला काय सांगता आले असते, याचा विचार करणे त्याला भाग पडत नाही.

शे-सव्वाशे वर्षांनी तुकारामांनी हा कुंभच काढून टाकला. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात व्यापार बुडाला, गुरेढोरे गेली, पहिली पत्नी अन्नावाचून मेली. त्यानंतरच्या एका प्रसिद्ध अभंगात दिवाळे, दुष्काळ, लोकांतला अपमान या एकेका आघाताला ते ‘बरे झाले’ म्हणतात. बदल्यात काहीच मिळालेले नाही. अनुतापाने देव आठवला, एवढाच लाभ. येथे उपदेश नाही, कारण शासन झालेला आणि आभार मानणारा एकच आहे. तरीही प्रथमपुरुषी उद्गार सर्वस्वी निर्दोष ठरत नाही. बायकामुलांची उपेक्षा झाली, हेही त्या ‘बऱ्या’च्या यादीत आहे, आणि दुष्काळात मेली तिच्या वतीने ‘बरे’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे अभंग विचारत नाही. गाथेच्या अभ्यासकांनी या यादीतील वैराग्याची वाखाणणी जितकी केली, तितकी ही फट पाहिलेली नाही.

संगमावर हा प्रश्न पुराच्या पाण्याबरोबर परत येतो. कृष्णा चढली की वाडीच्या मंदिरात पाणी शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी भाविक धावत येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तेच पाणी कुरुंदवाडसह शिरोळ तालुक्यातील असंख्य घरांत शिरले. दक्षिणद्वारी न्हाणारा त्या पाण्याला प्रसाद म्हणतो, आणि त्याच्यापुरते ते खरेही असते. घर सोडून छावणीत बसलेल्या बाईला मात्र तो तेच शब्द सांगू लागला, की तो अमरापूरच्या ब्राह्मणाच्या जागी येतो, आणि त्याच्या अंगणात खणायला काही नसते.