जुन्या साखळी-करवतीतील दोष व त्यांचा इतिहास

पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२९ मध्ये सिद्ध केली. ती सुमारे ४६ किलो वजनाची असून दोघांना पेलावी लागे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यांवरून साखळीला वक्र दात दिले. पुढील दशकात पडद्याचा कार्बुरेटर रूढ झाला आणि हलकी झालेली करवत एकट्या माणसास कोणत्याही कोनात चालविता येऊ लागली.

वापरलेल्या करवतीचे दोषनिदान बव्हंशी याच सुधारणांभोवती फिरते. ढलप्यांऐवजी भुकटी पडू लागल्यास दात बोथट झाले असे समजावे. चालू झालेले इंजिन भार पडताच थांबत असेल, तर पडदा ताठरल्याचा संभव असतो. तो बदलणे अल्पखर्चाचे असते. तथापि सांध्यांतून हवा शिरत असता केवळ स्क्रू फिरवून मिश्रण जुळविणे घातक ठरते. कोनाचे बंधन नसलेल्या या टू-स्ट्रोक इंजिनास वंगण पेट्रोलमधूनच मिळते. इंधन उणे पडले की वंगणही उणे पडते व पिस्टनवर ओरखडे उठतात. म्हणून खरेदीपूर्वी सायलेन्सर काढून पिस्टन पाहणे ही पहिली परीक्षा होय. ज्या रचनेने करवतीस मोकळीक दिली, तिच्यातच तिचा सर्वांत महाग दोष दडलेला आहे.