निधनवार्ता : स्थानिक इतिहासाचे एक उपेक्षित साधन

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये ठेवलेल्या नोंदवहीत मृताचे नाव, वय, ठिकाण सापडते. तो गावाचा कोण होता, हे सापडत नाही. ती उणीव कोल्हापूरकडील दैनिकांतील चार ओळींची निधनवार्ता भरून काढते. पेठ, गल्ली, तालीम, भजनी मंडळ, सेवा सोसायटी अशा ओळखी तीत येतात. रक्षाविसर्जनाची वेळ छापली जाते ती भाऊबंद व पै-पाहुणे वेळेवर जमावेत म्हणून. समाज कोणत्या धाग्यांनी बांधलेला आहे, हे येथे अनायासे उमगते. स्त्रियांबाबत मात्र हे साधन तोकडे पडते. तिचे नाव छापले जाते, पण ओळख बहुधा मुलाच्या वा पतीच्या पदावरूनच दिली जाते. तिचे माहेर क्वचितच येते. जन्मभर केलेली भांगलण तर कधीच नाही.