मूलपेशी संशोधन, भारतातील : व्यवस्था, निधी आणि नियमन
मूलपेशींवरील (म्हणजे स्टेम सेलवरील) संशोधनाची भारतातील घडी मुख्यतः दोन सरकारी यंत्रणांनी बसवली आहे : जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर). पहिल्याकडे प्रामुख्याने पैसा आणि संस्था, दुसरीकडे वैद्यकीय व नैतिक चौकट, अशी ढोबळ वाटणी. प्रत्यक्ष उपचारात वापरायच्या उत्पादनाला परवानगी देण्याचा अधिकार मात्र या दोघांकडे नसून औषध महानियंत्रकांकडे आहे. या क्षेत्रातली बरीचशी गुंतागुंत या तिहेरी रचनेतूनच निर्माण झाली आहे.

उपचाराचा इतिहास संशोधनाच्या व्यवस्थेपेक्षा जुना आहे. देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. प्रयोगशाळेतील कामाची जगाने दखल घेतली ती 2001 मध्ये. भ्रूणांपासून मिळवलेल्या ज्या सेल लाइनवर (प्रयोगशाळेत वाढत्या ठेवलेल्या पेशीवंशांवर) अमेरिकेच्या सरकारी निधीतून काम करता येईल, अशांची यादी त्या वर्षी तिथे जाहीर झाली. तिच्यात मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) यांची नावे होती.

निधीचा मोठा वाटा सरकारचा. 1986 मध्ये स्थापन झालेल्या जैवतंत्रज्ञान विभागाने बंगळुरूला ‘इनस्टेम’ ही स्वतंत्र संस्था उभी केली आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मूलपेशी संशोधन केंद्राला पाठबळ दिले. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र (एनसीसीएस) देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. 2023 मध्ये विभागाच्या 14 स्वायत्त संस्था ‘ब्रिक’ या एका छत्राखाली आणण्यात आल्या. उद्योगांना नवनिर्मितीसाठी मदत करण्याचे काम 2012 पासून ‘बायरॅक’ करते. वेल्लोरच्या गटाने हिमोफिलिया-अ झालेल्या पाच रुग्णांच्या रक्तजनक मूलपेशींत जनुक घालून केलेल्या उपचाराचे निष्कर्ष डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी पैशाचे चीज झाल्याचे हे ठळक उदाहरण.

नियमनाचा पाया म्हणजे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वे. ती प्रथम 2007 मध्ये आली, 2013 आणि 2017 मध्ये सुधारली गेली. 2013 च्या आवृत्तीत शीर्षकातून ‘उपचार’ वगळला आणि फक्त ‘संशोधन’ ठेवले. रक्तविकारांसाठीच्या प्रत्यारोपणाखेरीज बाकी सगळे अजून प्रयोगावस्थेत आहे, ही भूमिका त्यामागे होती. संशोधनाचे तीन गट केले आहेत : परवानगीयोग्य, निर्बंधित आणि निषिद्ध. मानवी क्लोनिंग निषिद्ध. मानवी भ्रूण प्रयोगशाळेत 14 दिवसांपुढे, किंवा त्याआधीच आदिरेषा (शरीररचनेची पहिली खूण) दिसू लागली तर तिच्यापुढे, वाढवणेही निषिद्ध. हे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत स्वतंत्र मूलपेशी समिती हवी, तिची नोंदणी राष्ट्रीय शिखर समितीकडे हवी आणि नेहमीची नीतिशास्त्र समिती वेगळी हवी. 2021 च्या साहाय्यित प्रजनन कायद्याने संशोधनासाठी मानवी भ्रूण परदेशी पाठवण्यासही मनाई केली.

कागदावर चौकट भक्कम आहे. तिचे दात मात्र कच्चे आहेत. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे ती मोडणाऱ्याला त्यांच्या आधारे थेट शिक्षा होत नाही. 2019 च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी मूलपेशीजन्य उत्पादनांना ‘नवीन औषध’ ठरवले, तेव्हा कायद्याचा आधार मिळाला. तरीही पळवाट उरते. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, शेजारच्या खोलीत यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी मणक्यात टोचायच्या. हे औषध नाही, शस्त्रक्रियेसारखी प्रक्रिया आहे, असा काही दवाखान्यांचा दावा असतो. दुसरी चलाखी नोंदणीची : चाचणी सीटीआरआय या चिकित्सालयीन चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घातली, की जाहिरातीत तीच सरकारी मान्यता म्हणून मिरवायची. नोंदवही फक्त नोंद घेते, मान्यता देत नाही.

नाळेतील रक्ताच्या साठवणुकीचा धंदा हा वेगळाच अध्याय. रक्तपेढ्यांप्रमाणे या पेढ्यांनाही औषध कायद्याखाली परवाना लागतो. आयसीएमआर खाजगी साठवणुकीची शिफारस करत नाही. घरातील एखाद्याला प्रत्यारोपणाची गरज असेल तरच ती समर्थनीय मानते. नाळेच्या ऊती, दात किंवा मासिक पाळीचे रक्त यांच्या व्यावसायिक साठवणुकीला तर परवानगीच नाही. तरी प्रसूतिगृहाच्या प्रतीक्षाकक्षात गुळगुळीत पत्रके आणि हप्त्यांच्या योजना दिसतात. डोहाळजेवणाच्या आसपास, आईवडील सर्वाधिक हळवे असताना, त्या हाती पडतात, हा योगायोग नसावा.

उपयुक्त उत्पादनांना वाट मिळत नाही असे नाही. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या ‘स्टेम्प्युसेल’ला बर्जर या रक्तवाहिन्यांच्या आजारासाठी 2016 मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. चाचण्या, परवानगी, मग विक्री, असा हा सरळ मार्ग.

दुसरीकडे स्वमग्नतेवर ‘स्टेम सेल थेरपी’ विकली जातच राहिली. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिशास्त्र मंडळाने या उपचाराची शिफारस होत नसल्याचे आणि तो देणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचे स्पष्ट केले. मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीत सहभागी रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. बिल आले तर ती चाचणी नव्हे, विकला जाणारा उपचार आहे. म्हणून बिल हातात पडताच नातेवाइकांनी औषध महानियंत्रकांचे परवानगीपत्र मागावे.