खळ धरते कशी, सुटते कशी

जुना वॉलपेपर भिंतीवरून काढताना झटापट होते ती कागदाशी कमी आणि त्याच्या पाठीमागच्या खळीशी जास्त. कागद कोरडाच खरवडला तर त्याच्या चिंध्या निघतात, गिलाव्याचे पोपडे निघतात, पण खळीचा थर जागचा हलत नाही. म्हणून वॉलपेपर काढण्याचे तंत्र म्हणजे मुळात खळ सोडवण्याचे तंत्र. भिंत ओली करणे, वाफ देणे आणि विकराचे म्हणजे एन्झाइमचे पाणी मारणे हे त्याचे तीन मार्ग. यांपैकी तिसऱ्या मार्गाचे कूळ शोधू लागले की वाट रंगाऱ्याच्या घरी जात नाही, थेट कापडगिरणीत जाते.

मराठीला हे नाते नवे नाही. पतंगाला, आकाशकंदिलाला, सिनेमाच्या पोस्टराला लावतात ती खळ आणि सुती साडीला करतात तीही खळच. कागद चिकटवणारा आणि कापड कडक करणारा पदार्थ एकच आहे, हे ज्ञान या एका शब्दात साठले आहे.

या शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी चार वाटा संभवतात. पहिली वाट ध्वनीची. मैदा पाण्यात कालवून उकळायला ठेवला की तो खळखळतो, त्यावरून खळ. ही वाट सोपी आहे, पण फसवी. चांगली खळ मंद आचेवर घोटतात आणि घट्ट होऊ लागल्यावर तिचा आवाज खळखळ राहत नाही, ती रटरटते. शिवाय नाद घेऊन आलेले शब्द मराठीत बहुधा जोडीनेच येतात: खळखळ, झुळझुळ, सळसळ. एकेरी ‘खळ’ त्या घराण्यातली वाटत नाही.

दुसरी वाट खळ्याची. धान्य मळायचे खळे संस्कृतातल्या ‘खल’ शब्दावरून आले. ‘ल’चा ‘ळ’ होणे मराठीत नेहमीचेच: फलचे फळ, जलचे जळ. ध्वनी नेमका जुळतो, पण अर्थ लांबचा राहतो. खळ्यावर दाणा मोकळा होतो, खळ मात्र दाण्याच्या पोटातल्या पिठाची होते.

तिसरी वाट दक्षिणेची. तमिळमध्ये ‘कळि’ म्हणजे पीठ शिजवून केलेला घट्ट लगदा. अर्थाच्या दृष्टीने यासारखा जवळचा शब्द दुसरा नाही आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर शब्दांची ये-जा अखंड चालत आली आहे. अडचण एकच, पण मोठी आहे. ‘क’ने सुरू होणाऱ्या शब्दाने मराठीत येताना ‘ख’ का धारण करावा, याला कारण सापडत नाही.

चौथी वाट सर्वांत भक्कम दिसते. संस्कृतात ‘खल’ आणि ‘खलि’ यांचा आणखी एक अर्थ तळाशी बसलेला साका, तेलाचा गाळ किंवा पेंड असा आहे. हिंदीतली ‘खली’ म्हणजे पेंड त्यातूनच आली. या वाटेवर ध्वनी जुळतोच, अर्थही जुळतो. त्यासाठी मात्र कुरडया कशा करतात ते आठवावे लागते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, ओलेच वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि पांढरे पाणी स्थिर ठेवायचे. सकाळी वरचे पाणी ओतून दिले की तळाशी चीक बसलेला असतो. तो चीक म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. तळाशी बसणाऱ्या या साक्यालाच ‘खल’ म्हटले गेले आणि मग तो शिजवून केलेल्या चिकट पदार्थाला खळ हे नाव चिकटले, असे मानणे सर्वांत कमी ओढाताणीचे आहे. तेलाचा साका आणि पिठाचा साका या दोन्हींत डोळ्यांना दिसणारी क्रिया एकच आहे: जड भाग खाली बसतो.

ग्रीकांनी याच पदार्थाला दुसऱ्या बाजूने नाव दिले. त्यांचा शब्द ‘अमिलॉन’, म्हणजे जात्यात न दळलेले. गहू भिजवून, पिळून, गाळून काढलेल्या पिठाला जात्याची गरज पडत नाही, म्हणून हे नाव. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवरच्या ग्रंथात याची कृती दिली आहे. गहू पाण्यात ठेवावा, दहाव्या दिवशी पिळावा, नव्या कापडातून गाळावा, उन्हात वाळवावा. ही कृती आणि कुरडयांची कृती शेजारी ठेवल्या तर फरक उरतो तो दिवसांच्या संख्येत. इंग्रजीतल्या ‘स्टार्च’ शब्दाचे मूळ ताठ, कडक या अर्थाचे आहे. ग्रीकांनी पदार्थ कसा निघतो ते पाहिले, इंग्रजांनी त्याने कापडाचे काय होते ते पाहिले आणि मराठीने तो कुठे बसतो ते पाहिले.

खळ धरून ठेवते ती स्टार्चच्या रचनेमुळे. गव्हाच्या स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की कण फुगतात, फुटतात आणि त्यांतल्या ग्लुकोजच्या लांब साखळ्या मोकळ्या होऊन पाण्यात पसरतात. ही खळ कागद आणि गिलावा या दोघांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते. वाळताना साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. वाळलेली खळ पाण्याने मऊ पडते, पण पहिल्यासारखी पातळ होत नाही. जुन्या भिंतीवर पाणी मारूनही कागद अर्धाच सुटतो, त्याचे कारण हेच.

वॉलपेपरचा सर्वपरिचित इतिहास थोडक्यात सांगता येतो. इंग्लंडमधला सर्वांत जुना ज्ञात नमुना केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये सापडला, तो १५०९च्या सुमाराचा. ब्रिटनमध्ये १७१२ साली छापील वॉलपेपरवर कर बसला, तो १८३६ साली उठला. या कुळकथेसाठी महत्त्वाचे वर्ष त्यानंतरचे, १८३९. त्या वर्षी लँकेशायरमधल्या डार्वेन गावच्या पॉटर कुटुंबाच्या कंपनीने चार रंगांत वॉलपेपर छापणाऱ्या रुळाच्या यंत्राचे पेटंट घेतले. हे लोक मूळचे कापड छापणारे होते. सुती कापडावर नक्षी उमटवणारे रूळ त्यांनी कागदाला लावले आणि वॉलपेपर स्वस्त होऊन साध्या घरांत गेला. वॉलपेपर भिंतीवर चढला तोच कापडगिरणीचा हात धरून. तो उतरवण्याची युक्तीही त्याच घरातून आली, या अनुमानाला इथे पहिला आधार मिळतो.

स्वस्त कागद वारंवार बदलला जाऊ लागला आणि पुष्कळदा जुना न काढताच त्यावर नवा डकवला गेला. भिंतीवर खळ आणि कागद यांची पुटे साचत गेली. खळ म्हणजे अन्न, आणि अन्नाला खाणारे येतातच. कसर कागदाला लागते ती बऱ्याच अंशी खळीच्या ओढीने. आपल्याकडचे बाइंडर खळीत मोरचूद घालत आले ते त्यासाठीच. दमट भिंतीवर खळीला बुरशी धरते. त्या काळातल्या हिरव्या वॉलपेपरच्या रंगात आर्सेनिक असे. बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन डॉक्टरने १८९०च्या दशकात दाखवून दिले की पिष्टमय पदार्थावर वाढणारी बुरशी अशा रंगातून विषारी वायू सोडू शकते. बुरशीला जे जमते ते माणसाला हवे होते: स्टार्चच्या साखळ्या तोडणे. बुरशीशिवाय बुरशीचे तोंड मिळाले तर भिंतीवरची खळ आपोआप सुटेल.

तसे तोंड त्याआधीच, १८३३ साली, पॅरिसमध्ये बाटलीत आले होते. आन्सेल्म पायाँ आणि जाँ-फ्रान्स्वा पेर्सो या रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कातून एक पदार्थ वेगळा केला. तो थोडासाच टाकला तरी स्टार्चची घट्ट खळ पातळ होऊन तिची साखर होत असे. त्यांनी त्याला ‘डायस्टेस’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वेगळे करणे, सोडवणे. स्टार्चच्या कणाचे टरफल आतल्या गरापासून सुटे होते, असे त्यांना वाटले, म्हणून हे नाव. ते स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, शब्द मात्र टिकला. वेगळा काढलेला हा पहिला विकर. पुढे १८९८ साली एमिल द्युक्लो याने विकरांच्या नावाच्या शेवटी याच शब्दाचे शेपूट लावण्याची प्रथा सुचवली. स्टार्च तोडणाऱ्या विकराला आज अमायलेज म्हणतात. त्याच्या नावात ‘न दळलेले’ आणि ‘सोडवणे’ हे दोन्ही ग्रीक शब्द शेजारी बसले आहेत.

याच पायाँने १८३८ साली वनस्पतींच्या पेशीभित्तीतून सेल्युलोज वेगळे करून त्याची ओळख पटवली. कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत, पण कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी आहे. अमायलेज एक सांधा ओळखतो, दुसरा ओळखत नाही. खळ विरघळते आणि कागद शाबूत राहतो तो यामुळे. वॉलपेपर काढण्याच्या रसायनाचे दोन्ही खांब एकाच माणसाच्या हातून उभे राहिले.

हा विकर भिंतीपर्यंत आला कुठून, याबद्दल तीन दावेदार आहेत. पहिला बिअरचा कारखाना. तिथे मोडाच्या सातूतला डायस्टेस जुन्या काळापासून राबतो आहे. दुसरा औषधाचे दुकान. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली अमेरिकेत बुरशीपासून मिळवलेल्या डायस्टेसचे पेटंट घेतले आणि ते पचनाचे औषध म्हणून खपले. भारतातल्या कित्येक पाचक औषधांच्या बाटलीवर आजही बुरशीच्या डायस्टेसचे नाव छापलेले असते. तिसरा दावेदार कापडगिरणी.

गिरणीची अडचण भिंतीसारखीच आहे. मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून विणण्यापूर्वी त्याला खळ देतात. हातमागावरचे विणकर याला पांजणी म्हणतात. इचलकरंजीत आणि मालेगावात यंत्रमागाच्या धंद्यात त्याला सायझिंग हा शब्द रुळला आहे. कापड विणून झाले की ही खळ पूर्ण निघावी लागते, नाहीतर रंग एकसारखा बसत नाही. पूर्वी कापड पाण्यात भिजवून ठेवत आणि आपोआप वाढणाऱ्या जिवाणूंकडून खळ कुजवून घेत. या पद्धतीत कापडच कुजण्याची भीती असे. मग माल्टचा अर्क आला. १९१७ साली ऑगस्त ब्वादँ आणि जाँ एफ्राँ यांनी जिवाणूंपासून अमायलेज काढण्याची पद्धत पुढे आणली. हा विकर गरम पाण्यातही टिकत होता आणि गिरण्यांना लागेल तेवढ्या मोठ्या प्रमाणावर तयार होऊ शकत होता.

निर्णायक पुरावा विकरांच्या स्वभावात आहे. बिअर करणाऱ्याला साखर हवी असते. माल्टमधला बीटा-अमायलेज साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या कापत जातो आणि गोड पाणी तयार करतो. भिंतीला साखर नको, उलट ती चिकट साखर नवी कटकट ठरेल. भिंतीला हवा तो अल्फा-अमायलेज, जो साखळी मधूनच तोडतो. मधे तुटलेली साखळी लगेच आखूड होते आणि खळीचा चिकटपणा काही मिनिटांत ढासळतो. गिरणीलाही नेमके हेच हवे होते. औषधवाल्याचे गिऱ्हाईक एका वेळी चिमूटभर विकर घेते, भिंतीला तो बादलीच्या हिशेबाने लागतो. स्वस्त, गरम पाण्यात टिकणारा आणि खळ पातळ करणारा विकर कापडासाठीच तयार झाला. म्हणून वॉलपेपर सोडवणाऱ्या विकराचे माहेर गिरणीत मानणे योग्य ठरते.

विकराचे पाणी सगळ्या भिंतींवर चालत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून वॉलपेपरसाठी मिथाइल सेल्युलोजची खळ पसरली. तिच्या साखळीचे सांधे सेल्युलोजचे असल्यामुळे अमायलेज तिला शिवत नाही. ही खळ थंड पाण्यात विरघळते आणि गरम पाण्यात उलट घट्ट होते, म्हणून तिथे वाफेपेक्षा साधे पाणी बरे. दुसरा अडथळा व्हिनाइलच्या मुलाम्याचा. त्यातून पाणी आत शिरतच नाही. आधी वरचा पापुद्रा सोलावा लागतो, किंवा दातेरी चाक फिरवून त्याला बारीक भोके पाडावी लागतात.

भिंतीवर कोणती खळ आहे हे ओळखण्याची सोपी खूण १८१४ सालापासून ठाऊक आहे: स्टार्चला आयोडीन लागले की तो निळा पडतो. कागदाचा एक कोपरा उचलून भिंतीवरच्या थरावर आयोडीनचा थेंब टाकावा. तपासायचा तो भिंतीवरचा थर, कारण कागदातही थोडा स्टार्च असू शकतो. निळे-काळे दिसले तर विकराचे कोमट पाणी मारून १५-२० मिनिटे थांबावे आणि पुट्टीच्या पट्टीने कागद खालून वर उचलत न्यावा. पाणी उकळते नसावे, कारण उकळत्या पाण्यात बहुतेक विकर निकामी होतात. पुटे अनेक असतील तर एकेक पूट वेगळे भिजवावे. कागद निघाल्यावर काम संपत नाही. मागे राहिलेली खळ नव्या रंगाखाली फुगते, तिला बुरशी धरते आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून भिंत स्पंजाने, पाणी बदलत, धुवावी लागते.

धुणे केव्हा थांबवायचे हेही गिरणीनेच ठरवून दिले आहे. खळ काढलेल्या कापडावर आयोडीनचा थेंब टाकतात आणि उमटलेला रंग १ ते ९ अशा ठरलेल्या मोजपट्टीशी ताडून पाहतात. गडद निळा म्हणजे खळ जशीच्या तशी, जांभळा-तपकिरी म्हणजे साखळ्या अर्ध्या तुटलेल्या आणि निळेपणाचा मागमूस नसणे म्हणजे कापड मोकळे. भिंतीवरचा थेंबही निळा पडेनासा झाला की खळ सुटली असे समजावे, आणि भिंत वाळल्यावर रंगाला हात घालावा.