‘गीत योगेश’ म्हणजे कोण? एका गीतकार-निर्मात्याचा माग काढताना



सिंदेवाहीला आमच्या घरचा रेडिओ बाबांसोबत धानाच्या बांधीवर जायचा. आकाशवाणीवर जुनं मराठी गाणं लागलं की निवेदक आधी सांगायचे: चित्रपट ‘मराठा तितुका मेळवावा’, गीत योगेश, संगीत आनंदघन, स्वर लता मंगेशकर. लहानपणी मला वाटायचं, ही तीन माणसं आहेत. संशोधनाला लागल्यावर कळलं की माणसं दोनच आहेत. आनंदघन म्हणजे स्वतः लता मंगेशकर. आणि योगेश म्हणजे त्या चित्रपटाचे दिग्दर्शक, कोल्हापूरचे भालजी पेंढारकर.

माझा विषय हाच आहे: जो माणूस गाणं लिहितो आणि सिनेमाही उभा करतो, त्याच्या कारकिर्दीचा इतिहास कसा लिहायचा? पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी हा लेख आहे. मी कुठे चुकलो तेही सांगतो, म्हणजे तुमचे दोन-तीन महिने वाचतील.

आधी अमेरिकेकडे बघू

या प्रकारची माणसं अमेरिकेत ठळक दिसतात. बडी डीसिल्व्हा (1895–1950) हे ब्रॉडवेच्या नाटकांसाठी गाणी लिहायचे. बोलपट आले तसे ते हॉलिवूडला गेले, 1930 च्या दशकात बालकलाकार शर्ली टेंपलच्या काही चित्रपटांचे निर्माते झाले, पुढे पॅरामाउंट स्टुडिओत निर्मितीचे प्रमुख झाले, आणि 1942 मध्ये कॅपिटॉल रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढणाऱ्या तिघांपैकी एक होते. आर्थर फ्रीड (1894–1973) यांचंही तसंच. 1929 मध्ये ते एमजीएमकडे गीतकार होते, दहा वर्षांनी तिथेच निर्माते झाले. 1952 चा ‘सिंगिंग इन द रेन’ हा चित्रपट त्यांनी स्वतःच्याच जुन्या गाण्यांभोवती उभा केला.

या दोघांचा माग काढणं तुलनेने सोपं जातं. कारण तिथे गाण्याची कॉपीराइट नोंदणी व्हायची, आणि 1914 पासून गीतकार-संगीतकारांची मानधन गोळा करणारी संस्था, अॅस्कॅप, होती. पैसा ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर कागद सापडतो. आपल्याकडे तसा एकसलग रस्ता नाही, म्हणून मेहनत जास्त.

भालजींची कारकीर्द थोडक्यात

भालजींनी 1920 च्या दशकात मूकपटांपासून सुरुवात केली. 1932 मध्ये पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठी त्यांनी ‘श्यामसुंदर’ केला. ‘थोरातांची कमळा’ (1941), ‘महारथी कर्ण’ (1944), ‘छत्रपती शिवाजी’ (1952), ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘साधी माणसं’ (1965), ‘तांबडी माती’ (1969) हे त्यांचे चित्रपट तुम्हाला माहीत असतील. कोल्हापूरचा स्टुडिओ घेऊन त्यांनी त्याला जयप्रभा हे नाव दिलं. 1991 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि 1994 मध्ये ते गेले.

आता गंमत बघा. ही जी ओळख मी दिली, ती बहुतेक ठिकाणी अशीच मिळते: दिग्दर्शक, निर्माते, स्टुडिओचे मालक. गीतकार हा शब्द शेवटी कुठेतरी येतो. उलट मराठी गाण्यांच्या याद्यांमध्ये ‘योगेश’ भेटतो, पण तिथे स्टुडिओ आणि सिनेमे भेटत नाहीत. एकाच माणसाचे दोन अर्धे दोन वेगळ्या कपाटांत पडलेत. संशोधकाचं पहिलं काम हे दोन अर्धे जोडणं.

पहिली अडचण: नाव

जोडताना घाई केली की माती होते. तीन गोष्टी सांगतो.

एक, हिंदीत योगेश नावाचे दुसरे गीतकार होते, ‘आनंद’ (1971) आणि ‘रजनीगंधा’ (1974) वाले. इंटरनेटवरच्या याद्यांत या दोघांची गाणी सर्रास एकत्र होतात.

दोन, भालजींचं मूळ नाव भालचंद्र गोपाळ पेंढारकर. पण ललितकलादर्श नाटक मंडळीचे गायक-नट भालचंद्र पेंढारकर (1921–2015) हे वेगळे. ग्रंथालयाच्या यादीत नुसतं ‘पेंढारकर, भालचंद्र’ दिसलं की थांबायचं, आणि पुस्तक उघडून बघायचं.

तीन, चित्रपट भालजींचा म्हणजे सगळी गाणी योगेशची, असं नसतं. ‘साधी माणसं’मध्ये जगदीश खेबुडकरांचीही गाणी आहेत. म्हणून चित्रपटाचं नाव लिहून पुढे ‘गीते: योगेश’ असं ठोकून द्यायचं नाही. एकेक गाणं वेगळं नोंदवायचं.

याच ‘साधी माणसं’चा आणखी एक किस्सा आहे. राज्य पुरस्कारांत उत्कृष्ट संगीताचं बक्षीस ‘आनंदघन’ला जाहीर झालं, आणि हे आनंदघन म्हणजे लताबाई, हे त्या समारंभात सगळ्यांसमोर आलं. ते टोपणनाव असं जाहीरपणे उघडं पडलं. ‘योगेश’साठी असा क्षण आला नाही, म्हणून ते नाव अजूनही अनेकांना वेगळा माणूस वाटतं.

दुसरी अडचण: आग

30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पण पुढे आर्थिक ओढाताणीत तो लता मंगेशकरांकडे गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे हळहळून थांबायचं नाही. विचारायचं: स्टुडिओत काय असतं? फिल्म, करारपत्रं, हिशेबाच्या वह्या, गाण्यांचे कच्चे कागद. म्हणजे निर्मात्याचा पुरावा आणि गीतकाराचा पुरावा एकाच छपराखाली होता. दोन्ही धंदे एकाच माणसाचे असल्याचा हा तोटा. गीतकार जर बाहेरचा असता, तर निदान त्याची वही त्याच्या घरी राहिली असती.

मग स्टुडिओबाहेर काय गेलं होतं? तबकड्या बाजारात गेल्या होत्या. थिएटरबाहेर गाण्यांची पुस्तिका विकली जायची, ती प्रेक्षकांच्या ट्रंकेत गेली. वर्तमानपत्रात जाहिराती छापून आल्या. हे सगळं विखुरलेलं आहे, पण आगीपासून लांब होतं. 78 च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात, म्हणून तिच्यावरचं गाणं कधी कधी कापलेलं असतं. पुस्तिकेत जास्त कडवी असू शकतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं. भालजींचं आत्मकथन ‘साधा माणूस’ही आहे, पण आत्मकथन म्हणजे म्हातारपणी मागे वळून सांगितलेली गोष्ट. तारखेसाठी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

तिसरी अडचण: गाणं कोणाचं?

इथे मी स्वतः आपटलो. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी थाटात लिहिलं होतं: ‘भालजी गीतकारही होते आणि निर्मातेही, त्यामुळे गाण्यांचे हक्क त्यांच्याकडेच राहिले.’ गाईडनी त्या वाक्याभोवती लाल गोल केला आणि एकच प्रश्न विचारला: “कोणत्या चित्रपटाचे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिग्दर्शक, स्टुडिओमालक आणि निर्माता ही तीन वेगळी पदं आहेत. प्रत्येक चित्रपटात तिन्ही भालजीच असतील असं नाही. श्रेयनामावलीत निर्माता म्हणून कोणाचं नाव आहे, ते चित्रपटागणिक बघावं लागतं.

आणि याला कायद्याने फरक पडतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितलं की निर्मात्याने मोबदला देऊन गाणं करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क निर्मात्याचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना थिएटरबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, असं झालं. मधल्या काळात पगारी गीतकाराच्या हाती बहुधा ठरलेली रक्कमच यायची. स्वतः निर्माता असलेला गीतकार या भांडणाच्या बाहेर राहतो, कारण देणारा आणि घेणारा तोच. म्हणून ‘निर्माता कोण’ या कोरड्या प्रश्नावर माझं अख्खं तिसरं प्रकरण उभं आहे. आता मी चित्रपटवार तक्ता केलाय: निर्माता, दिग्दर्शक, प्रत्येक गाण्याचा गीतकार, आणि हे कुठून कळलं. ज्या खणाला पुरावा नाही, तो रिकामाच ठेवतो.

आपल्या गावात हे रोज घडतंय

तुम्ही म्हणाल, कोल्हापूर कुठे आणि सिंदेवाही कुठे. पण दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्यांची पोस्टरं बघा. लेखक, गीतकार, दिग्दर्शक आणि कंपनीचा मालक, कितीदा एकच नाव असतं! भालजींची कारकीर्द मला समजली ती या पोस्टरांमुळे. गाणं लिहिणारा आणि पैसा लावणारा एकच, हे आम्हा झाडीच्या पोट्ट्यांना नवल नाही.

नवल याचं की ही नोंद कोणी ठेवत नाही. माझ्याकडे जमलेल्या काही जुन्या जाहिरातींवर तारीख आणि वार आहे, साल नाही. छापणाऱ्याला सालाची गरज नव्हती, नाटक त्याच आठवड्यात होतं. तारीख-वाराची जोडी साधारण 5, 6 किंवा 11 वर्षांनी पुन्हा येते, त्यामुळे पर्याय मोजकेच उरतात. मग तिकिटाचा दर आणि कलाकारांची नावं बघून एक साल पक्कं करता येतं. मागच्या उन्हाळ्यात एका जुन्या गीतलेखकाच्या घरी गेलो होतो. वह्यांचं पोतं काढलं, तर अर्ध्याला उधई लागलेली. ते म्हणाले, “पाच वर्षं आधी काहून नाही आलास बाप्पा?”

या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. जयप्रभाला लागलेली आग एका दिवसात दिसली. उधई दिसत नाही, एवढाच फरक.

तेव्हा विषय शोधत असाल तर या हंगामात एक काम करा. नाटकाला जाल तेव्हा पोस्टरचा फोटो काढा, त्याच रात्री त्यावर साल लिहा, आणि गाणी कोणी लिहिली ते पडद्यामागे जाऊन विचारा. टोपणनाव असेल तर खरं नावही विचारा. माणूस समोर आहे तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे.