जुन्या अमेरिकी मोटारी : बिघाडाचे निदान आणि सुट्या भागांचा शोध

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, तसेच १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत तयार झालेल्या मोटारी जगभरातील संग्राहकांच्या आवडीच्या आहेत. या गाड्यांची यंत्ररचना साधी आहे. बहुतेकांत कार्बुरेटर, यांत्रिक पेट्रोल पंप आणि पॉइंट असलेला डिस्ट्रिब्युटर एवढीच सामग्री असते. त्यामुळे बरेचसे बिघाड डोळे, कान व एक व्होल्टमीटर यांच्या साहाय्याने ओळखता येतात. तरीही मालकांचा पैसा वाया जातो, तो निदान होण्याआधीच भाग बदलण्याच्या सवयीमुळे. परदेशातून मागवलेला भाग चुकीचा ठरल्यास पैशाबरोबर अनेक आठवडेही वाया जातात.

क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ, डॉज व डिसोटो गाड्यांतील सहा सिलिंडरांचे इंजिन हे याचे बोलके उदाहरण आहे. या इंजिनात झडपा वर नसून ब्लॉकच्या कडेला असतात. ब्लॉकच्या आत, लांबीभर, पत्र्याची एक चपटी नळी बसवलेली असते. पाण्याच्या पंपाकडून येणारे थंड पाणी झडपांच्या बैठकांपर्यंत, अगदी मागच्या सिलिंडरापर्यंत पोहोचवणे हे तिचे काम. वर्षानुवर्षांच्या पाण्याने ही नळी गंजते, तिला भोके पडतात आणि मागच्या भागाला पुरेसे थंड पाणी मिळेनासे होते. इंजिन तापू लागते, झडपा जळतात. मालक रेडिएटर स्वच्छ करून घेतो, थर्मोस्टॅट बदलतो, नवा पंप बसवतो. पण गाडी चढावर पुन्हा तापतेच. खरा दोष पाहण्यासाठी पंप काढून नळीचे तोंड तपासावे लागते. नळी बाहेर ओढायची तर समोरचा रेडिएटरही उतरवावा लागतो, आणि ती फार गंजलेली असेल तर तुकड्यातुकड्यांनीच बाहेर येते. काम कष्टाचे असले तरी नव्याने बनवलेली नळी अमेरिकेतील विक्रेत्यांकडे आजही मिळते.

या इंजिनाशी महाराष्ट्राचाही जुना संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ व डिसोटो गाड्यांची जुळणी होत असे. त्यामुळे भारतात टिकून राहिलेल्या अमेरिकी गाड्यांत याच घराण्याच्या गाड्या आढळण्याचा संभव असतो, आणि वर सांगितलेला दोषही त्यांच्याबरोबर येतो.

फोर्डने १९३२ मध्ये बाजारात आणलेल्या व्ही-८ इंजिनाचे तापणे मात्र वेगळ्या कारणाचे आहे. त्यात जळालेल्या वायूंचे मार्ग ब्लॉकमधील पाण्याच्या पोकळ्यांमधूनच बाहेर जातात. त्यामुळे पाण्याला मुळातच अधिक उष्णता मिळते आणि ब्लॉकमध्ये साचलेला गाळ काढल्याखेरीज इतर उपाय फारसे लागू पडत नाहीत.

इंजिन सुरूच होत नसेल तर ठिणगी, इंधन व दाब या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. ठिणगी दुबळी असल्यास प्रथम पॉइंटकडे पाहावे. शेव्हरले व्ही-८ इंजिनात पॉइंटमधील फट इंचाच्या १६ ते १९ सहस्रांशांइतकी ठेवतात. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर सदोष असण्याची शक्यता मोठी असते.

स्टार्टर मंद फिरणे ही सहा व्होल्टच्या गाड्यांची नेहमीची तक्रार आहे. शेव्हरलेने १९५५ मध्ये, तर फोर्ड व क्रायस्लर यांनी १९५६ मध्ये बारा व्होल्टचा स्वीकार केला. त्यापूर्वीच्या गाड्यांत तेवढ्याच कामासाठी दुप्पट विद्युतप्रवाह लागतो व म्हणून केबलही जाड लागते. पुढे कोणीतरी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल जोडून टाकते आणि दोष बॅटरीला दिला जातो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत व्होल्टमीटर लावून पाहावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट दिसल्यास केबल किंवा तिचे जोड खराब आहेत असे समजावे. हीच तपासणी अर्थच्या बाजूनेही करावी. सहा व्होल्टच्या फोर्ड व क्रायस्लर गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, शेव्हरलेत ऋण टोक. बॅटरी बदलताना ही बाब विसरली जाते.

गाडी तापल्यावर बंद पडते व थंड झाल्यावर पुन्हा चालू होते, तेव्हा पेट्रोलची नळीतच वाफ झाली असावी असे म्हटले जाते. पण तापलेली इग्निशन कॉइलही हेच लक्षण दाखवते. दोहोंतील फरक गाडी बंद पडल्या क्षणीच कळतो. एअर क्लीनर काढावा आणि इंजिन बंद ठेवूनच थ्रॉटल हाताने उघडून पाहावे. कार्बुरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडाली तर इंधन पोहोचले आहे. मग ठिणगी तपासावी. धार नसेल तर पंप व नळी यांकडे वळावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब होतात. अमेरिकेत दहा टक्के मिश्रण सर्वत्र आढळते आणि भारतातही २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठण्यात आले. म्हणून या गाड्यांतील इंधनाचे सर्व रबर इथेनॉल सहन करणारे असणे आवश्यक ठरते.

ब्रेकच्या बाबतीत कोणतीही तडजोड असू नये. १९६७ च्या मॉडेलांपूर्वीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत चारही चाकांसाठी ब्रेक तेलाचा एकच मार्ग असतो. एका चाकाजवळील रबर फुटले तरी पायाखालचा ब्रेक पूर्णपणे निकामी होतो. या गाड्यांसाठी गोदामात पडून राहिलेले 'नवे जुने' ब्रेक रबर कितीही अस्सल असले तरी घेऊ नये, कारण रबर न वापरताही म्हातारे होते. क्रायस्लर गटाच्या जुन्या गाड्यांची चाके काढतानाही सावध राहावे. त्यांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, आणि हे ठाऊक नसलेला कारागीर जोर लावून बोल्ट तोडतो.

सुट्या भागांचा शोध क्रमांकापासून सुरू होतो. वाहनांचा सतरा अक्षरांचा प्रमाण ओळखक्रमांक १९८१ च्या मॉडेलांपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. शिवाय पन्नास-साठ वर्षांत इंजिन, गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल बदललेला असण्याची शक्यता असते, त्यामुळे नोंदणी पुस्तकातील वर्षावर विसंबून मागणी नोंदवणे धोक्याचे असते. जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर मागील बाजूस ओतकामाचा क्रमांक उमटलेला असतो. पण तोही एकटा पुरेसा नाही. ३९७००१० हा क्रमांक १९७० च्या दशकातील मोटारी व ट्रक अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांच्या ब्लॉकवर आढळतो. इंजिन मुळात कशासाठी होते हे पुढच्या बाजूला ठोकलेल्या अक्षरांवरूनच कळते.

कोणता भाग कोणकोणत्या गाड्यांना चालतो याच्या जाडजूड सूची अमेरिकेतील भंगार गोदामे अनेक दशके वापरत आली आहेत. हॉलंडर ही त्यांतील सर्वांत परिचित. १९५४ पासून निघणारे 'हेमिंग्ज मोटर न्यूज' हे नियतकालिक आणि पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे शरद ऋतूत भरणारा सुट्या भागांचा बाजार ही शोधाची आणखी दोन ठिकाणे होत.

भाग मिळणे गाडीच्या वयावर अवलंबून नसते, ते तिच्या लोकप्रियतेवर असते. १९२८ च्या फोर्ड मॉडेल ए किंवा १९६५ च्या मस्टँगचे जवळजवळ सर्व काही नव्याने बनवून विकले जाते. याउलट पॅकार्ड, हडसन यांसारख्या बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्यांचे पिस्टन वा बेअरिंग मिळून जातात, पण दिव्याची काच किंवा क्रोमची पट्टी मिळता मिळत नाही. अशा वेळी त्या गाडीच्या मालकांच्या संघटनेचा आधार घ्यावा लागतो. क्युबात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी निर्बंधांमुळे भाग येणेच थांबले, तेव्हा तेथील कारागिरांनी सोव्हिएत गाड्यांचे भाग, पुढे डिझेल इंजिनेही बसवून शेव्हरले धावत्या ठेवल्या. हे कौशल्य निःसंशय थोर, पण भारतीय मालकाला ते अनुकरणीय नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी व्हायची तर सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत.

भाग मागवताना आणखी एक व्यवहार ध्यानात ठेवावा. जुने भाग दुरुस्त करून विकणारे अमेरिकी व्यापारी किमतीबरोबर अनामत रक्कम घेतात आणि ग्राहकाने आपला खराब भाग परत पाठवल्यावरच ती देतात. भारतातून वजनदार भाग परत पाठवणे परवडत नाही, म्हणून ही अनामत गेली असे धरूनच हिशेब करावा. पाण्याचा पंप, जनरेटर, ब्रेक शू यांसारखे भाग स्थानिक कार्यशाळेत दुरुस्त होऊ शकतात. नवा भाग बसून गाडी काही दिवस नीट चालेपर्यंत जुना भाग भंगारात देऊ नये. मोजमापासाठी तोच एकमेव नमुना असतो.