कान्हेरीचा दगड



स्मरणिकेसाठी लेख द्या असे मंडळाच्या पोरांनी सांगितले तेव्हा नेहमीप्रमाणे कान्हेरीचे राजे, दाते आणि शिलालेख यांच्यावर लिहावे असे मनात होते. पण गेल्या हिवाळ्यात विहारातर्फे आपली सहल कान्हेरीला गेली, आणि तिथे माझ्या हातून एक चूक झाली. चाळीस माणसांसमोर झालेली चूक चाळीस माणसांसमोरच दुरुस्त झाली पाहिजे, म्हणून हा लेख.

बोरिवलीला उतरून, राष्ट्रीय उद्यानाच्या गेटातून आत जाऊन, आपण लेण्यांपाशी पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. तिसऱ्या लेण्यासमोर, म्हणजे मोठ्या चैत्यासमोर, मी सगळ्यांना उभे केले आणि माहिती सांगू लागलो. जुने नाव कृष्णगिरी, त्यावरून कान्हेरी. काळा डोंगर. “हा सगळा लोखंडासारखा काळा पाषाण आहे, दोन हजार वर्षं झाली तरी हलला नाही,” असे मी छाती काढून बोललो. तर आपल्यातलीच एक मुलगी, अकरावीत शिकते, भिंतीजवळ जाऊन बघत होती. म्हणाली, “काका, पण हा काळा कुठे आहे? आणि ह्याच्यात दुसऱ्या दगडाचे तुकडे कसे काय अडकलेत?”

मी जवळ जाऊन पाहिले. खरेच की! इतक्या वेळा कान्हेरीला आलो, मूर्ती पाहिल्या, अक्षरे पाहिली, पण दगड कधी पाहिला नव्हता. करडा, तपकिरी रंग, आणि त्यात सुपारीएवढे, नारळाएवढे, कुठे त्याहून मोठे टोकदार तुकडे. चिक्कीत दाणे असतात तसे. मी त्या मुलीला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर चैन पडेना. मग वाचनालयात बसून भूगर्भावरची पुस्तके धुंडाळली, एक-दोन जाणकारांना गाठले.

आता जे कळले ते सांगतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला हा महाराष्ट्र म्हणजे तापलेली भट्टी होती. जमिनीला लांबच लांब भेगा पडून आतला लाव्हा बाहेर येई, पसरे, थंड होऊन त्याचा कातळ होई. मग काही काळ शांतता, पुन्हा नवा थर. असे थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. आजही ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या कातळाने व्यापलेली आहे. पुण्याला जाताना घाटात डोंगराच्या अंगावर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ते हेच थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. वरचा थर येण्याआधी खालचा कातळ ऊन-पावसाने झिजून त्याची माती झाली होती, तिच्यावर नवा लाव्हा आला, ती भाजून निघाली. हा कातळ म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. भाजे, कार्ले, अजिंठा ही लेणी त्यात कोरलेली आहेत.

मुंबईचा भाग मात्र निराळा. इथे लाव्हा नुसता शांतपणे वाहिला नाही, स्फोटही झाले. ज्वालामुखीतून राख उडाली, आधीच्या कातळाच्या ठिकऱ्या उडाल्या, आणि सगळे एकत्र पडून घट्ट बसले. नदीतले गोटे घासून गुळगुळीत होतात, हे तुकडे वाहत आलेलेच नाहीत, म्हणून त्यांच्या कडा तशाच टोकदार राहिल्या. अशा दगडाला ब्रेशिया म्हणतात, मराठीत कोणाश्म. कान्हेरी याच दगडात आहे. अंधेरीची कोंडिवट्याची म्हणजे महाकालीची लेणीही याच जातीच्या दगडात. तिथल्या भिंती एवढ्या का झिजल्यात याचे कोडे मला आता सुटले. हा दगड काळ्या पाषाणासारखा एकजिनसी नाही. तुकडा कठीण असतो, पण त्याला धरून ठेवणारी राख मऊ. पाणी मुरले की राख सुटते आणि तुकडा गळून पडतो.

त्याच अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंचीचे, खांबासारखे उभे कातळ एकमेकांना चिकटून उभे आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात, आणि त्याचे असे बहुकोनी खांब होतात. भोवतालचा डोंगर खाणवाल्यांनी पोखरून नेला, मधला तेवढा राहिला.

आणि लांब कशाला जायचे? आपल्या वरळीच्या टेकडीत, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळाच्या थरात, एकोणिसाव्या शतकात लहान लहान बेडकांचे आणि कासवाचे दगड झालेले अवशेष सापडले. म्हणजे इथे तळे होते, दलदल होती, त्यात बेडूक ओरडत होते, आणि तेव्हा माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर यायला कोट्यवधी वर्षे बाकी होती. ही गोष्ट मी घरी सांगितली तर नातू रात्रभर प्रश्न विचारत होता.

कान्हेरीला त्या दिवशी दुसराही एक ग्रुप आला होता. त्यांचा माणूस सांगत होता, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. आपली पोरे हसली. पण मी हसलो नाही, कारण एका भाकडकथेला दुसऱ्या अजाण अभिमानाने उत्तर देणारा मी, त्याच्याहून फार वेगळा होतो का? ऐकीव गोष्ट, परंपरेने आलेली गोष्ट, पोथीत आहे म्हणून खरी मानू नका असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश दुसऱ्यांसाठी नाही, आधी आपल्यासाठी आहे.

लेणी कोणी खोदली ते दगडावरच लिहिले आहे, वाचायला शिकले पाहिजे. मोठा चैत्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. खर्च व्यापारी भावांनी केला. पण त्या लेखात ‘सेलवढकी’ असाही शब्द आहे. सेल म्हणजे शैल, वढकी म्हणजे सुतार. दगडाचा सुतार! शिवाय इतर कारागिरांच्या आणि घोटाई करणाऱ्याच्या निराळ्या संज्ञा आहेत. गिरणीत सायझिंगवाला वेगळा, साचेवाला वेगळा, फोल्डिंगवाला वेगळा, तशी तिथेही कामाची खाती पडलेली होती. हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला. दुसरीकडे एका लेखात कल्याणच्या एका लोहाराच्या दानाची नोंद आहे. लेखात शब्द आहे ‘कमार’. तथागतांना अखेरचे भोजन देणारा चुंद हाही कम्मारपुत्तच. लोहाराशिवाय लेणे होत नाही. मऊ राखेत छिन्नी सरसर जाते आणि अचानक कठीण तुकड्यावर आपटते, टोक बोथटते. दिवसाकाठी किती छिन्न्या भट्टीत घालाव्या लागत असतील?

खोदाई वरून खाली होई. आधी छत, मग खांब तेवढे ठेवून बाकीचा दगड काढायचा, शेवटी जमीन. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले म्हणून ही रीत आजही तिथे डोळ्यांनी दिसते. कान्हेरीच्या चैत्यातही काही खांब नक्षीदार, काही नुसते अष्टकोनी सोडलेले आहेत. पैसा संपला की माणसे गेली, कोण जाणे.

पाण्याची व्यवस्था तर बघण्यासारखी. डोंगराच्या माथ्यावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी खाली आणले, आणि लेण्यांशेजारी टाकी कोरली. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, तिचे दान देणारे लोकही होते. शंभरावर लेणी, त्यात राहणारे भिक्खू, आणि पावसाळा संपला की आठ महिने कोरडे. पाणी साठवण्याची ती अक्कल नसती तर हा संघ तिथे शतकानुशतके नांदलाच नसता. पुढे मुंबई शहराला नळाचे पाणी हवे झाले तेव्हा १८६० साली विहार तलाव बांधून झाला, तोही याच डोंगरांत.

आता त्या दिवशीची दुसरी गोष्ट. आपल्या चाळीतल्या एक आजी पिशवीत मेणबत्त्या आणि अगरबत्तीचा पुडा घेऊन आल्या होत्या. चैत्याच्या ओसरीत दोन बाजूंना बुद्धाच्या उंच उभ्या मूर्ती आहेत, तिथे त्या पायाशी मेणबत्ती लावायला लागल्या. मी अडवले. त्या भडकल्या. “आयुष्यभर आम्हाला देवळाच्या पायरीवर अडवलं, आता बुद्धाच्या पायाशीही अडवतोस का?” त्यावर मी एवढेच बोलू शकलो, की सरकारी नियम आहे. हे उत्तर नव्हते. सरकारी नियमाने आपल्या माणसांना काय काय सोसावे लागले ते आजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. परत येताना त्या बसमध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत.

महिनाभराने मी त्यांच्या खोलीवर गेलो. म्हटले, आजी, माझे चुकले, तो दगड लोखंडासारखा नाही. राखेत बसलेल्या ठिकऱ्यांचा आहे. मूर्तीच्या अंगावरचा जुना गिलावा आणि रंग कधीच गेला, आता उघडा दगड राहिलाय. मेणबत्तीची काजळी त्याच्या छिद्रांत शिरते, धुवायला गेले तर राख निघते, हाताने पुसले तरी कण सुटतात. राजांनी नाही, आपल्यासारख्या छिन्नीवाल्यांनी काढलेली मूर्ती आहे ती. आजींनी ऐकून घेतले. चहा टाकला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, “फुलं तरी चालतील ना?”

म्हटले, चालतील, पण मूर्तीला टेकवून नको. खाली, पायऱ्यांपाशी, हातात धरून उभे राहू.

“मग पुढच्या पौर्णिमेला मला घेऊन चल,” म्हणाल्या, “आणि त्या पोरीलाही सांग. तिने दाखवलेले तुकडे मला बघायचेत.”